श्वानगृहांचा परवाना आणि शिवाराची शांतता

नागपूर शहराची वस्ती गेल्या दोन-अडीच दशकांत चहूबाजूंस जी फोफावली, तिने शहरातले अनेक उद्योग, अनेक हौशी आणि अनेक तंटे आपल्याबरोबर शिवारात नेले. वर्धा मार्गावर, काटोल मार्गावर, हिंगणा, कामठी आणि उमरेडच्या दिशांना जेथे कपाशी, तूर आणि संत्र्यांच्या बागा होत्या, तेथे लेआउटचे दगड रोवले गेले, फार्महाउसे उभी राहिली, आणि त्यांच्या आडोशाने एक नवा व्यवसाय फारसा गाजावाजा न करता रुजला. गाजावाजा पुढे सुरू झाला, आणि तोही बहुधा रात्री. जातिवंत कुत्र्यांची पैदास करून पिले विकणे, परगावी जाणाऱ्या कुटुंबांची कुत्री मोबदला घेऊन चार-आठ दिवस सांभाळणे, त्यांना शिस्त लावणे, किंवा बेवारस कुत्र्यांसाठी धर्मादाय आश्रयस्थान चालविणे, अशी या व्यवसायाची निरनिराळी रूपे असून लोक त्यांना ‘केनेल’, ‘डॉग होस्टेल’, ‘शेल्टर’ अशा नावांनी ओळखतात. या लेखात त्या सर्वांना आपण श्वानगृह म्हणू.

अशा स्थळांची गरज खरी आहे, हे प्रथमच मान्य केले पाहिजे. चौथ्या मजल्यावरील सदनिकेत लॅब्रडॉर पाळणाऱ्या कुटुंबाला लग्नकार्यास जावयाचे झाले तर त्या मुक्या जिवाची सोय कोठेतरी लागलीच पाहिजे, आणि रस्त्यावर मोटारीखाली सापडून लंगड्या झालेल्या जनावराला कोणीतरी छप्पर देत असेल तर त्याच्या करुणेचे मोल कमी लेखण्याचे कारण नाही. परंतु तीस-चाळीस कुत्री एका जागी आली म्हणजे तेथून उठणारा आवाज त्या जागेच्या चतुःसीमेत राहत नाही; आणि त्याचे नियमन कोणी, कोणत्या अवस्थेत व कोणत्या मापाने करावे, या प्रश्नाला आपल्या कायद्यांत उत्तरे पुष्कळ असली तरी सलग उत्तर एकही नाही. प्राण्यांच्या कल्याणाचा अंमल एका खात्याकडे, जमिनीच्या वापराचा दुसऱ्याकडे, ध्वनीचा तिसऱ्याकडे आणि उपद्रवाचा दंडाधिकाऱ्याकडे अशी वाटणी झाल्यामुळे, जेव्हा जागा ठरते, पाया खणला जातो आणि भिंत कोणत्या दिशेला तोंड करून उभी राहणार हे निश्चित होते, तेव्हा आवाजाचा विचार करणारा कोणीच तेथे हजर नसतो. आणि जेव्हा सर्वजण हजर होतात, तेव्हा भिंत हलविता येत नाही. आमच्या मते या साऱ्या प्रश्नाचे मर्म या एका गोष्टीत आहे, आणि पुढील आढावा तिच्याच अनुरोधाने घेतला आहे.

जुन्या गावरचनेला नगररचनेचे शास्त्र ठाऊक नसले तरी कोणता व्यवहार कोठे व्हावा याची तिची एक निश्चित समजूत होती. महाराष्ट्र जमीन महसूल संहिता, १९६६ हिच्या कलम २२ मध्ये त्या समजुतीचा अवशेष अद्याप वाचावयास मिळतो: गुरचरण, स्मशान, गावठाण, पडाव, खळे, बाजार, मेलेली जनावरे सोलण्याची जागा, अशा एकेका प्रयोजनासाठी जमीन राखून ठेवण्याचा अधिकार तेथे दिलेला आहे. विदर्भात तर याहून बारीक दस्तऐवज आहेत. मालगुजारी १९५१ साली संपुष्टात आली, तरी तिच्या काळातले निस्तारपत्रक आणि वाजिब-उल-अर्ज हे दोन कागद संहितेच्या अनुक्रमे १६१ व १६५ या कलमांच्या आधाराने आजही अस्तित्वात आहेत. पहिल्यात गुरे कोठे चरावीत, सरपण व मुरूम कोठून घ्यावा याची तजवीज, तर दुसऱ्यात पाण्याचे, वहिवाटीच्या रस्त्याचे आणि मासेमारीचे गावरिवाज नमूद केलेले असतात. आवाजाविषयी त्यांत अवाक्षर नाही, आणि ते साहजिकच आहे. कारण ज्या गावात रात्रीचा सर्वांत मोठा आवाज भजनाचा किंवा जागलीवर बसलेल्या माणसाच्या आरोळीचा, तेथे शांततेची नोंद करून ठेवण्याचे कोणाला सुचणार? मात्र या जुन्या व्यवस्थेचे गुणगान करताना एक गोष्ट विसरता कामा नये. अप्रिय व्यवहार गावकुसाबाहेर ठेवण्याच्या त्या पद्धतीने व्यवहारांबरोबर माणसांनाही गावकुसाबाहेर ठेवले होते. आणि आज एखादे श्वानगृह ‘गावापासून लांब’ आहे असे जेव्हा अर्जात लिहिले जाते, तेव्हा ते कोणाच्या घरापासून लांब आणि कोणाच्या झोपडीला लागून आहे, हे विचारणे आवश्यक ठरते. शेतावर वस्तीला राहणारा सालदार आणि तांड्यावरची कुटुंबे नकाशावर क्वचितच दिसतात.

खेड्यात कुत्री नव्हती असे थोडेच आहे! खंडोबाच्या आणि दत्तात्रेयाच्या सान्निध्यात कुत्र्याला स्थान देणाऱ्या समाजाला कुत्र्याच्या भुंकण्याचे वावडे असण्याचे कारणच नाही. शेतकऱ्याचे कुत्रे रानडुकरांवर आणि रोह्यांवर भुंकते, धनगराचे लांडग्यावर, आणि गल्लीतले परक्या माणसावर. त्या प्रत्येक भुंकण्यात काही वर्तमान असते व अंथरुणात पडल्या पडल्या गावकरी ते अचूक ओळखतो. श्वानगृहातील भुंकण्यात असे वर्तमान नसते. एका पिंजऱ्यात कोणी कुशीवर वळले म्हणून दुसरा भुंकतो, दुसरा भुंकला म्हणून तिसरा, आणि पाहता पाहता चाळीस गळे एकदम उघडतात. यात गावकऱ्याचे नुकसान दुहेरी होते: झोप तर मोडतेच, शिवाय त्याच्या स्वतःच्या कुत्र्याने दिलेली खरी वर्दीही त्या कल्लोळात बुडून जाते. शहरातून आलेल्या तक्रारदाराला यातला पहिला भाग समजतो. दुसरा समजण्यासाठी तुरीच्या शेतात एखादी रात्र काढावी लागेल.

आता कायद्याकडे वळू. महाराष्ट्र प्रादेशिक नियोजन व नगररचना अधिनियम, १९६६ याच्या कलम २(७) मध्ये ‘विकास’ या संज्ञेची जी व्याख्या आहे, तिच्यात नव्या बांधकामाबरोबरच जमिनीच्या किंवा इमारतीच्या वापरात केलेला महत्त्वाचा बदलही येतो. म्हणजे जुन्या गोठ्यात एक वीटही नवी न रचता कोणी तेथे वीस कुत्री मोबदल्याने ठेवू लागला, तरी तत्त्वतः त्याला विकास परवानगीची गरज लागू शकते. ही परवानगी देणारे कार्यालय जागेनुसार बदलते. नागपूरभोवतालच्या ७१९ गावांचा, सुमारे साडेतीन हजार चौरस किलोमीटरचा प्रदेश २०१७ साली स्थापन झालेल्या नागपूर महानगर प्रदेश विकास प्राधिकरणाच्या अखत्यारीत असून त्याची विकास योजना जानेवारी २०१८ मध्ये मंजूर झाली आहे. त्यापलीकडच्या तालुक्यांत जिल्हाधिकारी आणि नगररचना खात्याची शाखा यांच्याकडे जावे लागते. आणि गावठाणाच्या हद्दीतील बांधकामास ग्रामपंचायत अधिनियमाच्या कलम ५२ खाली पंचायतीची अनुज्ञा लागते.

डिसेंबर २०२० मध्ये अमलात आलेली एकत्रीकृत विकास नियंत्रण व प्रोत्साहन नियमावली ही या साऱ्यांची सामाईक पोथी होय. तिच्यात शेती विभागात अनुज्ञेय असलेल्या वापरांची यादी शेतीविषयक वापरांपासून सुरू होते, आणि पाळीव जनावरांचे तबेले, वराहपालन व कुक्कुटपालन यांना तेथे मोकळीक आहे. आता चाळीस परक्या कुत्र्यांची भाडोत्री व्यवस्था हा ‘पाळीव जनावरांचा तबेला’ होतो काय? अर्जदार म्हणेल, का नाही. शेजारी म्हणेल, हे तर सरळ दुकान आहे. महसूल संहितेतील शेतघराची व्याख्या पाहिली तर तेथे औजारे, वैरण व पीक साठविणे, गुरांना निवारा देणे आणि खातेदाराच्या कुटुंबाने वा नोकरांनी राहणे ही प्रयोजने सांगितली असून ती सर्व त्या शेताच्या कसवणुकीशी निगडित असावी लागतात. परगावी गेलेल्या डॉक्टरसाहेबांचा जर्मन शेफर्ड हा कोणत्याही अर्थाने त्या शेताच्या कसवणुकीचा भाग होऊ शकत नाही. आमचे स्पष्ट मत असे की, खातेदाराने स्वतःच्या राखणीसाठी पाळलेली कुत्री आणि धंदा म्हणून ठेवलेली कुत्री यांत भेद करून दुसऱ्या प्रकाराला अकृषिक, व्यापारी वापर मानले पाहिजे. मग त्याला शेती विभागात अटींवर परवानगी द्यावी की नाही, हा पुढचा प्रश्न. प्रत्यक्षात हा भेद पटवाऱ्याच्या पीकपाहणीत उमटत नाही, सातबारावर पडीक किंवा तूर असे काहीतरी लिहिलेले असते, आणि ग्रामपंचायतीचा ‘ना हरकत’ दाखला हाच मालकाच्या दृष्टीने सर्व परवान्यांचा परवाना ठरतो. त्या दाखल्यावर सरपंचाची सही असते. ठराव ग्रामसभेपुढे आला होता की नाही, हे मात्र कागद सांगत नाही.

प्राण्यांविषयीचे कायदे याहून नेटके आहेत, पण त्यांची नजर कुंपणाच्या आत वळलेली आहे. १९६० च्या प्राणी क्लेश प्रतिबंधक अधिनियमाखाली २०१७ साली श्वानप्रजनन व विपणन नियम आणि २०१८ साली पाळीव प्राण्यांच्या दुकानांविषयीचे नियम झाले. प्रजनन करणाऱ्याने राज्य प्राणी कल्याण मंडळाकडे नोंदणी करावी, आठ आठवड्यांहून लहान पिलू विकू नये, जागा, हवा, पाणी, पशुवैद्यकाची देखरेख यांची व्यवस्था असावी, असे त्यांचे स्वरूप. कुत्र्याला किती जागा मिळावी याचा विचार करणाऱ्या या नियमांनी ती जागा कोठे असावी हा प्रश्न इतरांवर सोपविला, आणि इतरांनी तो उचलला नाही. तुलनेसाठी कोंबड्यांकडे पाहावे: केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या मार्गदर्शक सूचनांनुसार मोठे कुक्कुटपालन केंद्र निवासी विभागापासून ५०० मीटर दूर असावे लागते. दुर्गंधीला अंतर मिळाले. भुंकण्याला मिळाले नाही.

ध्वनीविषयीचा मुख्य कायदा म्हणजे पर्यावरण (संरक्षण) अधिनियम, १९८६ खाली झालेले ध्वनिप्रदूषण (विनियमन व नियंत्रण) नियम, २०००. त्यांत निवासी क्षेत्राला दिवसा ५५ व रात्री ४५ डेसिबल, व्यापारी क्षेत्राला ६५ व ५५, औद्योगिक क्षेत्राला ७५ व ७०, आणि इस्पितळे, शाळा, न्यायालये यांच्या सभोवतालच्या शांतता क्षेत्राला ५० व ४० अशा मर्यादा असून रात्र म्हणजे दहा ते सकाळी सहा. या नियमांचा रोख ध्वनिक्षेपक, फटाके, भोंगे आणि वाद्ये यांच्याकडे आहे, आणि ते ज्या काळात झाले त्या काळच्या गरजेला धरूनच आहे. पण कुत्रे हे ध्वनिक्षेपक नव्हे की वाद्यही नव्हे. म्हणून श्वानगृहाविरुद्धच्या तक्रारीला केवळ क्षेत्रनिहाय मर्यादांचाच आधार उरतो, आणि तेथे तीन अडचणी उभ्या राहतात. खेडे या चार क्षेत्रांपैकी कशात मोडते, हे नियमांत सांगितलेले नाही. तक्रारीचा अधिकार मर्यादा किमान १० डेसिबलने ओलांडली जाईल तेव्हा पोहोचतो, म्हणजे निवासी क्षेत्र मानले तरी रात्री ५५ पर्यंत तक्रारदाराने सोसावयाचे. आणि तिसरी अडचण मापाची, जी सर्वांत गंभीर असून तिच्याकडे सर्वांत कमी लक्ष गेले आहे.

हे मर्यादेचे आकडे क्षणिक आवाजाचे नसून ठरावीक काळातील समतुल्य सरासरीचे आहेत. एक हिशेब मांडून पाहू. समजा, एखाद्या घराच्या खिडकीशी श्वानगृहाचे भुंकणे ६५ डेसिबल इतके पोहोचते, आणि रात्रीच्या एका तासात ते तुटक तुटक असे एकूण मिनिटभर चालते. त्या तासाची सरासरी सुमारे ४७ येईल. उरलेले सात तास शिवार ३० डेसिबलच्या आसपास निःशब्द राहिले, तर साऱ्या रात्रीची सरासरी ३९ पर्यंत उतरेल. ४५ ची मर्यादा पाळली गेली, श्वानगृहाला निर्दोषत्वाचा दाखला मिळाला, आणि त्या घरातले तान्हे मूल त्या तासात पंधरा वेळा दचकून उठले ते उठलेच. जागतिक आरोग्य संघटनेने १९९९ च्या मार्गदर्शक तत्त्वांत ही उणीव ओळखून शयनगृहासाठी ३० डेसिबलच्या सरासरीबरोबरच एकेका आवाजाचा उच्चांक ४५ च्या पुढे जाऊ नये अशी दुसरी अट घातली होती. आपल्या नियमांत भुंकण्यासारख्या तुटक आवाजाला लागू पडेल असा उच्चांक नाही. शहरात, जेथे वाहनांची घरघर अखंड चालू असते, तेथे ही उणीव झाकली जाते. खेड्यातली पार्श्वभूमी जितकी शांत, तितके भुंकणे ठळक, आणि सरासरी तितकीच फसवी.

अंतराचे गणित मात्र सोपे आहे आणि ते परवाना देणाऱ्या प्रत्येक कारकुनाला यावयास हवे. मोठ्या कुत्र्याचे भुंकणे एक मीटरवर ९५ डेसिबल धरले, तर मोकळ्या जागेत अंतर दहापट झाले की २० डेसिबल घटतात: दहा मीटरवर ७५, शंभर मीटरवर ५५, आणि ४५ व्हावयास तीनशे मीटरहून अधिक जावे लागते. दहा कुत्री एकदम भुंकली की यात १० डेसिबलची भर पडून ४५ ची रेषा थेट एक किलोमीटरवर सरकते. जमिनीचा मऊपणा, वारा, मधली झाडे-घरे यांनी हे आकडे खाली येतात. पण हिवाळ्याच्या निरभ्र रात्री जमिनीलगतची हवा थंड व वरची उबदार झाली म्हणजे आवाज वर न निसटता वाकून पुन्हा खाली येतो व लांबवर ऐकू जातो, हे डिसेंबरात नागपूरच्या शिवारात राहणाऱ्या कोणालाही पुस्तकावाचून ठाऊक आहे. बंद, टणक भिंतींच्या श्वानगृहात आतला आवाज शंभर डेसिबलच्याही वर जातो. तेथे काम करणाऱ्या गड्याच्या आणि खुद्द कुत्र्यांच्या कानांचा विचार अद्याप कोणी तक्रारीत केलेला आमच्या पाहण्यात नाही.

येथे नागपूरच्या हवामानाचा पेच उभा राहतो. आवाज कोंडावयाचा तर भिंत जाड व फट बुजलेली हवी. पण ज्या गावी मे महिन्यात पारा ४५ अंशांपलीकडे जातो, तेथे कुत्र्यांना, विशेषतः बर्फाळ प्रदेशातल्या केसाळ हस्कीला, बंद खोलीत कोंडणे म्हणजे क्लेश प्रतिबंधक अधिनियमाचा उघड भंग. म्हणून मालक सोपा मार्ग पत्करतात: चारी बाजूंनी जाळी, वर पत्रा, खाली सिमेंटचा कोबा, आणि एका टोकाला कूलर. जाळीतून आवाज निर्वेध बाहेर पडतो, पत्रा व कोबा त्याला परतवून दुणावतात, आणि समोरासमोरच्या पिंजऱ्यांतली कुत्री एकमेकांना दिवसरात्र पाहत राहिल्याने भुंकण्याचे निमित्तही अखंड पुरवले जाते. याला उपाय आहेत आणि ते फारसे महागही नाहीत. पिंजऱ्यांची उघडी बाजू वस्तीकडे नसावी. दोन पिंजऱ्यांमध्ये जाळीऐवजी आडभिंत असावी. पत्र्याखाली ध्वनिशोषक अस्तर असावे. वस्तीच्या बाजूला, पिंजऱ्यांना शक्य तितकी लगटून, मातीचा उंच बांध किंवा भिंत घालावी, कारण आवाजाच्या उगमाजवळचा आडोसाच खरा काम करतो. वायुवीजनासाठी वळणाच्या, आतून अस्तर लावलेल्या मार्गिका ठेवता येतात. अर्जांत हौसेने दाखविल्या जाणाऱ्या ‘हरित पट्ट्या’वर मात्र कोणी विसंबू नये, झाडांची एक-दोन रांगांची कुंपणे दृष्टीआड करतात, आवाज अडवीत नाहीत. आणि सर्वांत स्वस्त उपाय तर स्थापत्याचा नसून पालनाचा आहे: कंटाळलेले, भुकेले, घाबरलेले, मोकळे न सोडलेले कुत्रे अधिक भुंकते. ठरल्या वेळी खाणे, दिवसा भरपूर फिरणे, रात्री आत घेणे आणि मुक्कामाला कायमचा राखणदार असणे, एवढ्याने निम्मा तंटा मिटतो. येथे प्राण्याचे हित आणि शेजाऱ्याचे हित एकाच वाटेवर येते, ही गोष्ट परस्परांना शत्रू समजणाऱ्या दोन्ही पक्षांनी ध्यानी घ्यावी.

खासगी व्यवसायापेक्षा मोठी लाट आता सार्वजनिक आश्रयस्थानांच्या रूपाने येऊ घातली आहे, आणि तिच्यात नागपूरचा संबंध निकटचा आहे. भटक्या कुत्र्यांचा प्रश्न मुंबई उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठापुढे दीर्घकाळ चालू असून, २० ऑक्टोबर २०२२ रोजी खंडपीठाने भटक्या कुत्र्यांना खाऊ घालू इच्छिणाऱ्यांनी ती रीतसर दत्तक घ्यावीत, घरी न्यावीत किंवा आश्रयस्थानात ठेवावीत, असा आदेश दिला. तो देशभर गाजला आणि पुढच्याच महिन्यात सर्वोच्च न्यायालयाने त्यातील सक्तीच्या भागाला स्थगिती दिली. त्यानंतर प्राणी जन्मनियंत्रण नियम, २०२३ आले, ज्यांचे सूत्र निर्बीजीकरण व लसीकरण करून कुत्रे मूळ जागी सोडावे असे आहे. परंतु ७ नोव्हेंबर २०२५ रोजी सर्वोच्च न्यायालयाने शाळा, इस्पितळे, क्रीडासंकुले, बसस्थानके व रेल्वेस्थानके यांच्या आवारांतील भटकी कुत्री हलवून आश्रयस्थानांत ठेवावीत, ती परत तेथेच सोडू नयेत, असा आदेश दिला. न्यायालयाच्या हेतूविषयी कोणाचे काहीही मत असो, त्याचा भौगोलिक परिणाम उघड आहे: कुत्री शहराची, आणि जागा शहराबाहेरची. नागपूर महापालिकेचे निर्बीजीकरण केंद्र भांडेवाडीला आहे, जेथे शहराचा कचराही जातो; ज्या वस्तीने एक ओझे उचलले तिच्या माथी दुसरे देणे प्रशासनाला नेहमी सोपे जाते. उद्या शेकडो कुत्र्यांचे आश्रयस्थान एखाद्या मौजाच्या गायरानावर मंजूर झाले, तर ते ‘सार्वजनिक प्रयोजन’ म्हणून होईल, आणि सार्वजनिक प्रयोजनाला ध्वनीचा अहवाल मागण्याची आपल्याकडे रीत नाही. खासगी श्वानगृहाला जी अट, तीच सरकारी आश्रयस्थानाला लावली पाहिजे. किंबहुना आधी लावली पाहिजे. पेंच व्याघ्रप्रकल्प आणि उमरेड-कऱ्हांडला अभयारण्य यांच्या सीमेवरील गावांत तर आणखी एक विचार करावा लागेल, कारण कुत्रे हे बिबट्याचे आवडते भक्ष्य आहे आणि कुत्र्यांतील डिस्टेंपरसारखे रोग वन्य मांसाहारी प्राण्यांत पसरू शकतात. तेथे श्वानगृहाला परवानगीच नसावी, असे आम्हांस वाटते.

परदेशाकडे पाहावयाचे तर इंग्लंडची पद्धत बोधप्रद आहे. तेथे २०१८ च्या नियमांखाली प्राण्यांविषयीचा परवाना आणि नियोजनाची परवानगी या दोन स्वतंत्र गोष्टी असून एक मिळाली म्हणून दुसरी मिळत नाही. नियोजनाची परवानगी देताना स्थानिक परिषद बहुधा अटी घालते: कुत्र्यांची कमाल संख्या, मोकळे सोडण्याच्या वेळा, ध्वनिव्यवस्थापनाचा लेखी आराखडा, आणि अटी पाळूनही उपद्रव झाला तर १९९० च्या पर्यावरण संरक्षण अधिनियमाखाली तो थांबविण्याची नोटीस निघते. तेथेही तक्रारी संपल्या आहेत असे नाही. पण तक्रार आली म्हणजे ती कोणत्या अटीच्या भंगाची, हे दोन्ही पक्षांना ठाऊक असते.

आपल्याकडे तक्रारदाराचा मार्ग आज असा आहे. ध्वनिनियमांखाली जिल्हा दंडाधिकारी, पोलीस आयुक्त किंवा किमान उपअधीक्षक दर्जाचा अधिकारी यांच्याकडे दाद मागता येते; पर्यावरण अधिनियमाखालील शिक्षा १ एप्रिल २०२४ पासून कारावासाऐवजी दहा हजार ते पंधरा लाख रुपयांच्या शास्तीची झाली आहे. भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १५२ खाली, म्हणजे जुन्या फौजदारी प्रक्रिया संहितेच्या कलम १३३ खाली, कार्यकारी दंडाधिकारी उपद्रव दूर करण्याचा सशर्त हुकूम काढू शकतो, आणि रतलाम नगरपालिकेच्या खटल्यातील सर्वोच्च न्यायालयाच्या १९८० च्या गाजलेल्या निकालाने हे कलम किती समर्थ आहे ते दाखविले आहे. भारतीय न्याय संहितेखाली सार्वजनिक उपद्रवाचा दंड हजार रुपये, म्हणजे एका कुत्र्याच्या दोन-तीन दिवसांच्या मुक्कामाचे भाडे. दिवाणी न्यायालयात मनाईहुकमाचा दावा हा सर्वांत भरीव व सर्वांत मंद उपाय. या सर्वांत पुराव्याचे संकट सामाईक आहे. ध्वनिमापक घेऊन पथक येते तेव्हा दुपार असते, कुत्री जेवून झोपलेली असतात, आणि पंचनाम्यात शांतता नोंदविली जाते. पर्यावरण अभियांत्रिकीची राष्ट्रीय संशोधन संस्था ‘नीरी’ ज्या शहरात १९५८ पासून आहे, आणि जेथे ध्वनी मोजणारे ‘नॉइज ट्रॅकर’ हे भ्रमणध्वनी-उपयोजन तयार झाले, त्या शहराच्या वेशीवर ही स्थिती असावी हे शोभणारे नाही.

श्वानगृहवाल्यांचीही एक बाजू आहे आणि ती न्याय्य आहे. त्यांच्यापैकी काही अशा माळरानावर आले होते की जेथे अर्ध्या कोसात घर नव्हते. लेआउट मागाहून पडले, प्लॉट विकणाऱ्याने शेजारच्या पिंजऱ्यांविषयी ब्र काढला नाही, आणि बंगला बांधून झाल्यावर मालकाला भुंकणे ऐकू आले. ‘आम्ही आधी आलो’ हा उपद्रवाच्या दाव्यात पूर्ण बचाव ठरत नाही, तरी लेआउट मंजूर करणाऱ्या प्राधिकरणाला त्याकडे डोळेझाक करता येणार नाही. परवाना असलेल्या श्वानगृहापासून ठरावीक अंतरात नवे निवासी अभिन्यास मंजूर करताना तशी नोंद मंजुरीच्या नकाशावर आणि खरेदीखतात सक्तीची करावी. मात्र परवाना मुळात घेतलाच नसेल, तर ज्येष्ठतेचा हा लाभ मागण्याचा हक्कही राहत नाही.

यासाठी नवा अधिनियम हवा, असे आम्ही म्हणत नाही. ध्वनिनियमांच्या तिसऱ्या नियमातील चौथा पोटनियम विकास प्राधिकरणांना व स्थानिक संस्थांना नियोजनाची कामे करताना ध्वनिप्रदूषणाच्या सर्व अंगांचा विचार करण्यास २००० सालापासून बांधून ठेवतो. त्याच्या आधारे नागपूर महानगर प्रदेश विकास प्राधिकरणाने दहाहून अधिक कुत्री धंद्यासाठी किंवा आश्रयासाठी ठेवणाऱ्या प्रत्येक स्थळाला स्वतंत्र वापर म्हणून गणावे, सर्वांत जवळच्या राहत्या घरापासून, मग ते सालदाराचे का असेना, किमान तीनशे मीटरचे अंतर ठरवावे, संख्या व वेळा परवान्यावर लिहाव्यात, आणि पहिला परवाना एका वर्षाचा देऊन नूतनीकरण ग्रामसभेचे म्हणणे ऐकल्यावरच करावे. तोपर्यंत ज्या गावात असा अर्ज येईल तेथील ग्रामस्थांनी ‘ना हरकत’ ठरावाची प्रत, मंजूर नकाशा आणि कुत्र्यांची संख्या ही तिन्ही माहिती अधिकारात मागून घ्यावीत. आणि ती मागणी जोत्याचे काम सुरू होण्यापूर्वी करावी.